कुकंबर, फिटनेस, रोबोट की नुसतं प्लेराइट? आधी ठरवा, टेस्ट वाचणार कोण

अ‍ॅक्सेप्टन्स टेस्टिंगचं, म्हणजे सॉफ्टवेअर ठरल्याप्रमाणे वागतं का हे तपासण्याचं, टूल निवडताना बहुतेक टीम आधी विचारतात, 'जावात चालेल का? पायथॉनमध्ये चालेल का?' माझ्या मते त्याआधी एक प्रश्न सुटला पाहिजे: डेव्हलपर आणि टेस्टर सोडून या टेस्ट आणखी कुणी वाचणार आहे का? टूलची निवड खरं तर याच उत्तरावर ठरते.

हा प्रकार सुरू झाला तोच वाचणाऱ्यासाठी. वॉर्ड कनिंगहॅम यांनी 2002 मध्ये 'फिट' आणलं. ग्राहकाने उदाहरणं तक्त्यात मांडायची, प्रोग्रामरने तो तक्ता कोडला जोडायचा. उत्तर जुळलं की चौकट हिरवी, नाही जुळलं तर लाल. फिटनेस या टूलने हेच तक्ते विकीवर, म्हणजे ब्राउझरमध्येच बदलता येणाऱ्या पानांवर, नेले. 2008 मध्ये आलेल्या कुकंबरने तक्त्याच्या जागी वाक्यं आणली. त्याच्या गर्किन या मांडणीत 'जेव्हा', 'मग' असे मराठी शब्दही चालतात.

कुकंबर. साधा नियम घ्या: तीनदा पासवर्ड चुकला की खातं लॉक. हे वाक्य सगळ्यांसमोर लिहायला घेतलं की प्रश्न निघतात. तीनदा म्हणजे सलग, की दिवसभरात मिळून? मध्ये एकदा बरोबर पडला तर मोजणी पुन्हा शून्यापासून? लॉक आपोआप उघडतं, की कुणाला सांगावं लागतं? कोडची एक ओळ लिहिण्याआधी ही उत्तरं मिळणं हा सगळ्यात मोठा फायदा. पण तो त्या चर्चेचा आहे आणि फळ्यावर लिहूनही मिळतो. टूल पुढचं काम करतं: ठरलेली गोष्ट आजही खरी आहे का, हे प्रत्येक बिल्डला, म्हणजे सॉफ्टवेअर नव्याने तयार होताना दरवेळी, तपासतं.

त्याची किंमत मोजावी लागते. प्रत्येक वाक्यामागे स्टेप डेफिनिशन, म्हणजे ते वाक्य चालवणारा कोड, लिहावा लागतो. एक जण 'लॉगिन करतो' लिहितो, दुसरा 'खात्यात प्रवेश करतो', आणि एकाच कामाच्या दोन स्टेप तयार होतात. मी एका प्रकल्पात शेकडो सिनॅरिओ, म्हणजे अशा वाक्यांत लिहिलेल्या टेस्ट, असे वाढताना पाहिले आहेत. बिझनेसच्या बाजूने ती फाइल कुणीच उघडत नव्हतं, आणि आम्ही मात्र स्क्रीनवरचं एक बटण बदललं की दोन थरांत दुरुस्ती करत बसायचो. वाचक नसेल तर वाक्यांचा तो थर म्हणजे निव्वळ भार.

फिटनेस हिशेबाच्या नियमांना चांगलं जमतं. व्याज, सवलत, रजा यांसारख्या ठिकाणी एकच सूत्र वीस आकड्यांवर तपासायचं असेल, तर तक्त्याइतकं स्पष्ट काहीच नाही. अडचण विकीची. पानं ब्राउझरमध्ये बदलली जातात, कोड दुसरीकडे बदलतो, आणि दोन्ही एकाच कमिटमध्ये (बदलाच्या एकाच नोंदीत) ठेवायला शिस्त लागते.

रोबोट फ्रेमवर्क नोकिया नेटवर्क्समध्ये 2005 च्या सुमारास घडलं आणि 2008 मध्ये ओपन सोर्स झालं. तयार कीवर्ड, म्हणजे नाव दिलेल्या कृती, जोडत टेस्ट लिहायची, त्यामुळे फारसं कोडिंग न येणारा टेस्टरही कामाला लागतो. त्याचा लॉग मला विशेष आवडतो: कोणता कीवर्ड कुठे आणि का पडला, हे उलगडत जाऊन पाहता येतं. ब्राउझर, एपीआय (स्क्रीनशिवाय सिस्टिमशी थेट बोलण्याची वाट), डेटाबेस, एसएसएच (दुसऱ्या मशीनवर दुरून लॉगिन) या सगळ्यांसाठी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संच, आहेत. पण अटी आणि लूप वाढले की टेस्ट अवघड होतात. थेट 'इफ' लिहिण्याची सोयच 2021 च्या 4.0 आवृत्तीत आली. गुंतागुंत दिसली की ती पायथॉनच्या लायब्ररीत हलवा.

सेलेनियम आणि प्लेराइट ही मुळात ब्राउझर चालवणारी टूल. त्यांच्यावर थेट कोडमध्ये टेस्ट लिहिल्या की एक थर वाचतो, एडिटरची सगळी मदत मिळते, डीबगिंग सोपं होतं. प्लेराइट क्लिक करण्याआधी बटण तयार आहे का ते स्वतः पाहतं, त्यामुळे जागोजागी 'दोन सेकंद थांब' लिहावं लागत नाही. तोटा उघड आहे: नियम माहीत असलेला पण कोड न वाचणारा माणूस इथे बाहेरच राहतो.

टूल कोणतंही घ्या, एक दुखणं सगळीकडे आहे. प्रत्येक नियम स्क्रीनमधून तपासायला गेलात तर टेस्ट हळू चालतात आणि कधी पास, कधी फेल होत राहतात. मग 'पुन्हा चालव, होईल पास' ही सवय लागते, आणि याच सवयीतून खरा बग रिलीजमध्ये निसटतो. म्हणून लॉकचा नियम एपीआयच्या पातळीवर तपासा. स्क्रीनमधून मोजके मुख्य प्रवास पुरेत. आणि मॅन्युअल टेस्टिंग बंद करू नका. मजकूर बटणावर चढलाय किंवा वापरणारा गोंधळतोय, असं तुम्ही टेस्टमध्ये न लिहिलेलं काहीही ऑटोमेटेड टेस्ट सांगत नाही.

माझा कौल असा: नियम किचकट आणि बिझनेसचा माणूस सोबत बसणारा असेल तर कुकंबर, आकडेमोड जास्त असेल तर तक्ते, टेस्टरची टीम मोठी आणि सिस्टिम अनेक असतील तर रोबोट. बाकी सगळ्यांनी प्लेराइट घ्यावं आणि टेस्टची नावं पूर्ण वाक्यात लिहावीत. कुकंबरबद्दल नक्की ठरत नसेल तर एकाच फीचरवर दोन आठवडे वापरून पाहा. तेवढ्यात प्रॉडक्ट ओनरने (काय बनवायचं ते ठरवणाऱ्याने) आपणहून फाइल उघडून एक तरी ओळ दुरुस्त केली, तर ते ठेवा. नाही केली, तर तिथेच थांबा. एका फीचरच्या स्टेप काढून टाकायला फार वेळ लागत नाही.