ओव्हरकॉलचा ऑनलाईन क्लास: पैसे वसूल, पण पार्टनरला सोबत घेऊनच बसा

ब्रिजचे (जोडीने खेळायचा, बोली लावायचा पत्त्यांचा खेळ) ऑनलाईन क्लास हल्ली पुष्कळ झालेत, पण बहुतेक ठिकाणी ओपनिंग (पहिली बोली), रिस्पॉन्स (पार्टनरचं उत्तर), स्टेमन, ब्लॅकवुड अशा ठरीव बोली एवढ्यावर गाडी थांबते आणि समोरच्यांनी आधी तोंड उघडलं तर आपण काय करायचं हा विषय 'पुढे बघू' म्हणून राहूनच जातो. म्हणून नुसता ओव्हरकॉल (म्हणजे समोरच्यांनी ओपन केल्यावर आपण लावायची बोली) आणि त्याच्या आजूबाजूचं शिकवणारा क्लास आहे कळल्यावर लगेच फी भरून टाकली. क्लासचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, एका माणसाचा घरगुती कारभार आहे आणि खाली थोडे कडक शब्द येणारेत.

आधी हे सांगतो की अगदी नवशिक्यांसाठी हा क्लास नाही. टेकआऊट डबल (पार्टनरला त्याचा रंग बोलायला लावणारी 'डबल') म्हणजे काय, व्हल्नरेबल (ज्या बाजूला बक्षीस आणि दंड दोन्ही जास्त) म्हणजे काय हे माहीत नसेल तर पहिल्याच दिवशी डोक्यावरून जाईल, कारण सर सुरुवातच मधून करतात. शिकवणं मराठीत, मधेमधे इंग्लिश, म्हणजे आपण क्लबात बोलतो तसंच.

पद्धत अशी की स्क्रीनवर एकच हँड येते, कोण व्हल्नरेबल ते लिहिलेलं असतं, उजवीकडच्याने काय ओपन केलं ते दिसतं आणि प्रश्न एकच, बोलायचं की गप्प बसायचं. सगळ्यांनी मत द्यायचं, मग प्रत्येकाला 'का' विचारतात, आणि मगच चारही हँड उघडतात. 'माझ्याकडे 12 पॉइंट (एक्का 4, राजा 3, राणी 2, गुलाम 1) होते म्हणून' हे उत्तर सर ऐकूनच घेत नाहीत. बोलून काय मिळणार ते सांगा म्हणतात, म्हणजे पार्टनरला लीड (पहिली उतारी) कळणार, का समोरच्यांची बोलीतली जागा खाणार, का बळी द्यायची (त्यांचा डाव होऊ देण्यापेक्षा कमी दंड सोसायची) सोय होणार, का खरंच आपला डाव होण्यासारखा आहे. यातलं एकही धड सांगता येत नसेल तर पास.

दोन हँड इथे देतोच, त्यावरून काय ते कळेल. उजवीकडून 1 इस्पिक ओपन, दोन्ही बाजू व्हल्नरेबल. पहिली हँड अशी: इस्पिक राजा-गुलाम, बदाम राणी-नव्वी आणि खाली तीन फुटकळ, चौकट राजा-राणी-तिर्री, किलवर राणी-गुलाम-पंजी. 14 पॉइंट आणि पाच पत्त्यांचा बदाम, त्यामुळे अर्ध्याहून जास्त लोकांनी 2 बदाम म्हटलं. सरांचं उत्तर पास, आणि ते असं मोजून दाखवलं की रंगातले पत्ते 5, त्यातलं मोठं पान एक, बेरीज 6, आणि तुम्ही बोली लावताय 8 हातांची (2ची बोली म्हणजे सहावर दोन). शिवाय इस्पिकचे राजा-गुलाम ओपनरच्या मागे बसलेत, ते बचावात कामाचे. आता डावीकडे बदाम लांब असेल तर तो मुकाट्याने पास देणार, ओपनर फिरून डबल करणार, तो पुन्हा पास देणार आणि तुम्ही 2 बदाम डबलमध्ये (म्हणजे हरलात तर दंड वाढलेला) अडकलात. दोन हात कमी पडले की 500 गेले, जिथे त्यांना स्वतःला कदाचित 110च मिळाले असते. आणि डबल नाही झाली तरी पार्टनर बिचारा तुमच्या शब्दाला मान देऊन बदामच्या राजाखालून उतारी करणार आणि समोरच्याला फुकटचा हात देणार.

दुसरी हँड, तीच बोली, तेच व्हल्नरेबल: इस्पिक दोन फुटकळ, बदाम राजा-राणी-गुलाम-दश्शी-नव्वी-चव्वी, चौकट एक्का आणि दोन फुटकळ, किलवर दोन फुटकळ. फक्त 10 पॉइंट आणि इथे सर डोळे मिटून 2 बदाम बोलतात. बदामचे पाच आणि चौकटचा एक्का, सहा हात आपल्याच हातात, पार्टनरकडे अगदी ठणठणगोपाळ असला तरी दोनच कमी. डबल झाली तर 500 जातील, पण पार्टनरकडे काहीच नाही म्हणजे समोरच्यांची गेम (बोनस मिळणारी मोठी बोली) बहुधा असणार आणि ती 620ची. म्हणजे 14चा माणूस गप्प आणि 10चा बोलतोय. असं शेजारी शेजारी ठेवून कोणी दाखवलं की पॉइंट मोजायची सवय जरा हलते. तेवढ्यासाठी फी दिली असती तरी चाललं असतं.

जागा खायचा भागही झकास घेतला. बोलीत रंग चढत जातात किलवर, चौकट, बदाम, इस्पिक असे, त्यामुळे 1 किलवरवर 1 इस्पिक म्हटलं की 1 चौकट आणि 1 बदाम दोन्ही गेले, ओपनरच्या पार्टनरला आता हलक्या हँडवर काय बोलावं सुचत नाही. 1 चौकटवर 2 किलवर हा तर सरांचा लाडका, पहिल्या पायरीवरचं सगळंच उडतं. उलट 1 किलवरवर 1 चौकट म्हटलं तर कोणाचं काहीच अडत नाही, तेव्हा ते बोलायचं असेल तर लीडसाठी तरी बोला, रंग चांगला हवा. हे ऐकायला साधं वाटतं पण टेबलावर बसल्यावर फार कमी लोक असा विचार करतात, बहुतेकांचं आपलं पाच पत्ते दिसले की बोललेच.

चौथ्या जागेवरून बोलायचं, म्हणजे ओपनिंगनंतर दोन पास येऊन आपल्यावर आलं तर, पार्टनरचा एक राजा उसना घ्यायचा. आपल्या पॉइंटमध्ये तीन मिळवायचे आणि मग ठरवायचं, कारण समोरचे दोघे खाली थांबले म्हणजे पार्टनरकडे काहीतरी आहेच. त्यामुळे एरवी 1 नोट्रम्पचा (बिनहुकमी) ओव्हरकॉल 15 ते 18चा, तोच इथे 11 ते 14वर. आणि तो उसना राजा पार्टनरने पुन्हा मोजायचा नाही. हे सरांनी इतक्या वेळा बजावलं की आता बॅचमधले लोक एकमेकांना भेटले की तेच म्हणतात.

एक गोष्ट पटली नाही. पहिल्या पायरीवर चारच पत्त्यांचा ओव्हरकॉल सर सर्रास करतात, एक्का-राजा-गुलाम-दश्शी असला की झालं. लीडच्या दृष्टीने ठीक आहे हो, पण पार्टनर तीन पत्त्यांवर रंग उचलणार (तोच रंग वर बोलणार) आणि आपण सात हुकुमांत लटकणार, आणि क्लबातल्या रोजच्या पार्टनरबरोबर हा शौक परवडत नाही.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी ही की ओव्हरकॉल केल्यावर पार्टनरने काय करायचं हा भाग शेवटच्या सेशनच्या शेवटी घाईघाईत उरकला. हुकूम नऊ असतील तर नऊ हातांपर्यंत जा हा फ्रेंच ब्रिजतज्ज्ञ व्हेर्न यांचा नियम, कमजोर हँड आणि चार पत्त्यांची साथ असेल तर उडी मारून उचलायचं, चांगली हँड आणि साथ असेल तर समोरच्यांचाच रंग बोलून दाखवायचा, हे सगळं भरधाव एक्स्प्रेससारखं गेलं. वास्तविक निम्मा क्लास यावर हवा होता. ओव्हरकॉल 8चाही असू शकतो आणि 16चाही, मग पलीकडच्याला फरक कळणार कसा? आमच्या बॅचमध्ये एक काकू एकट्याच यायच्या, काका नाही. काकूंनी क्लासबरहुकूम 7 पॉइंटवर भक्कम इस्पिक बोलून टाकला, काकांनी 13 पॉइंट घेऊन थेट 3 नोट्रम्प, आणि डाव बुडाला. काका म्हणे, "अगं, तोंड उघडलंस म्हणजे ओपनिंग तरी नको का?" काकू म्हणाल्या, "अहो, म्हणून सांगत होते क्लासला चला." हा किस्सा त्यांनीच ग्रुपवर टाकला. तेव्हा एकट्याने फी भरू नका, जोडीने भरा, नाहीतर शिकलेलं उलट महागात पडेल.

दुसरं म्हणजे पेअर्स (जिथे तोच डाव खेळलेल्या इतर जोड्यांशी तुलना होते) आणि टीम (जिथे गुणांचा फरक मोजतात) यातला फरक सर जवळजवळ सांगतच नाहीत. समोरच्यांना 110 मिळाले असते तिथे आपण 200 दिले, तर टीममध्ये फरक 90चा, म्हणजे 3 इम्प (टीमच्या खेळातले गुण), चालतंय. पेअर्समध्ये मात्र तोच बोर्ड (डाव) जवळपास झीरो. आपल्याकडच्या क्लबात आठवड्याचा खेळ बहुतेक पेअर्सचाच, मग हे सांगायला नको का?

रेकॉर्डिंग थोड्याच दिवसांत काढून टाकतात, होमवर्क तपासून यायला फार वेळ लागतो आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बोर्ड कमी, सुप्रभात जास्त. मोबाईलवर चार हँडचं चित्र वाचता येत नाही, लॅपटॉपच लागतो. फी म्हणाल तर चौघांच्या एका बऱ्या जेवणाएवढी, त्याबद्दल तक्रार नाही.

सरांच्या गप्पा मात्र ऐकण्यासारख्या. 2018च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये ब्रिज पहिल्यांदा होता आणि प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार या आपल्या जोडीने सोनं आणलं, तेव्हा एक साठीचा आणि दुसरा छप्पन्नचा. सर म्हणतात तोपर्यंत त्यांच्या घरी 'पत्ते कुटायला चालले' असंच म्हणायचे, त्यानंतर 'खेळायला गेलेत' म्हणायला लागले.

क्लास संपल्यावर सराव केला नाही तर काही उपयोग नाही. बीबीओवर (ब्रिज बेस ऑनलाईन ही साइट) पार्टनरबरोबर बिडिंगचं टेबल उघडून बसा. रोबोटबरोबर खेळत असाल तर त्याच्या बोलीवर क्लिक केलं की तिचा अर्थ दिसतो, तोही वाचत जा, सगळ्याच बोली आपल्याला पटतील असं नाही, पण काय म्हणायचंय ते तरी कळतं.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे असं ऐकलंय. चौकशी कराल तेव्हा सरांना पार्टनरच्या उत्तरांचं एक आख्खं सेशन ठेवा म्हणून सांगा, दोन-चार जणांनी मागितलं तर ठेवतील, माणूस हट्टी नाहीये.