वॉटर कपचं प्रशिक्षण फुकट होतं, पण बुडालेल्या रोजाचं काय?

पानी फाउंडेशनने २०१६ मध्ये वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाईत सुरू केलेला वॉटर कप म्हणजे श्रमदानातून पाणी अडवण्याची गावागावांतली स्पर्धा; ती २०१९ पर्यंत चालली. तिच्यातलं सगळ्यात उजवं काम म्हणजे मोफत प्रशिक्षण. ए-फ्रेमने (इंग्रजी A च्या आकाराच्या चौकटीने) उतारावर समपातळी रेषा आखायची, पाणी जिरवायला तिच्यावर ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल चर खणायचा, माती उताराच्या खालच्या अंगाला टाकायची. आखणी चुकली की पाणी सखल टोकाला गोळा होतं आणि भराव फोडतं.

घोडं अडायचं ते मजुरीपाशी. ऐन एप्रिल-मेमध्ये श्रमदान करायचं म्हणजे हातावर पोट असलेल्याचा रोज बुडाला. बागायतदाराला ते परवडतं, हो! हातावर पोट असलेल्या कुटुंबांसाठी चराचं काम रोजगार हमीतून मंजूर करून घ्या. मागणी लेखी द्या, तारखेची पोच घ्या, हजेरीपट निघाल्यावरच टिकाव उचला. आधी खणलेल्याची मजुरी निघत नाही.