आडवाटेवर टायर चढवणं आणि हवा भरणं: काही महिन्यांच्या वापरानंतर

पंक्चरवाला मिळायची शक्यताच नाही अशा वाटांवर जाताना गाडीत चार गोष्टी असतात: 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर, टायर काढायच्या-चढवायच्या दोन लांब लोखंडी पट्ट्या, पंक्चरच्या दोऱ्यांचं किट आणि सामान आवळायचा रॅचेट पट्टा. लोक विचारतात ते कॉम्प्रेसरबद्दल. काही महिने वापरून माझं मत असं झालंय की यात सगळ्यात मोलाचा तो पट्टा आहे.

कॉम्प्रेसर चांगलाच आहे. बॅटरीला थेट चिमटे लावायचा घ्या, कारण सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज बहुधा 10 ते 15 अँपिअरचा असतो आणि जरा दमदार मोटर तो उडवते. कॉम्प्रेसर मिनिटाला 35 लिटर हवा देतो म्हणजे किती, याचा हिशोब सोपा आहे. टायरच्या आत 50 लिटर जागा धरली, तर 32 पीएसआयपर्यंत भरायला साधारण 110 लिटर हवा आत जावी लागते. कागदावर हे तीन-सव्वातीन मिनिटांचं काम. पण दाब चढेल तसा मोटरचा वेग पडतो, त्यामुळे वेळ जास्तच लागतो. इंजिन चालू ठेवायचं आणि मोटर तापली की तिला थंड होऊ द्यायचं.

खरी अडचण ट्यूबलेस टायरची कड, म्हणजे बीड, रिमवरून सुटल्यावर येते. तेव्हा दाबाचा प्रश्न नसतोच. फटीतून हवा जितकी आत येते तितकीच बाहेर जाते, आणि छोटा कॉम्प्रेसर नुसता घरघरत राहतो. इथे पट्टा कामी येतो. आधी रिमची कड फडक्याने पुसून माती-गंज काढायचा आणि दोन्ही बाजूंना साबणाचं पाणी लावायचं (तेल, ग्रीस किंवा डिझेल नको, रबर खराब होतं). मग चाक उभं करून पट्टा टायरच्या नक्षीवरून, अगदी मधोमध गुंडाळायचा आणि आवळायचा. मध्यभाग आत दबतो, बाजू फुगतात आणि कड रिमला टेकते. आता व्हॉल्व्हच्या आतली पिन काढून कॉम्प्रेसरने हवा भरायला लागायचं. पिन नसली की वाट मोठी होते. फसफस थांबून टायर हवा धरायला लागला की दाब वाढायच्या आत पट्टा सैल करायचा. मग दोन्ही बाजूंच्या कडा बसल्याचे एकापाठोपाठ दोन ‘टक्’ ऐकू येतात. नळी काढली की हवा निघून जाते, पण बसलेली कड सहसा हलत नाही. पिन लावून पुन्हा भरायचं.

कारच्या टायरला 40 पीएसआयपर्यंत कड बसली नाही तर पुढे रेटू नका. हवा सोडा, साबण लावा, पुन्हा करा. हात आणि तोंड टायरच्या बाजूपासून लांब हवेत, म्हणून व्हॉल्व्हला चिमट्याने धरणारी लांब नळी घ्या.

कड बसवायला पेटणारा स्प्रे आत मारून काडी लावायची पद्धत मी वापरलेली नाही आणि वापरणार नाही. टायर फुटू शकतो, बीडची तार तुटू शकते, आणि न जळलेला वायू आत राहून पुढे कधी स्फोट होईल हे सांगता येत नाही. ट्रकच्या कडीवाल्या, अनेक भागांच्या रिमला तर वाटेत हातच लावू नये. कडी उसळून माणसं मेलेली आहेत.

रिमला चिकटलेली कड सोडवायला गाडीचा जॅक पुरतो. काढलेलं चाक चेसिसखाली आडवं ठेवायचं, जॅक रिमलगत टायरच्या बाजूवर उभा करायचा आणि चेसिसला टेकवून वर चढवायचा. गाडीचं वजनच कड खाली ढकलतं. जमीन सपाट हवी, आणि गाडीखाली कोणी नको.

पट्ट्यांनी टायर चढवताना समोरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात गुडघ्याने दाबून धरा. पट्टीवर फार जोर लागतोय म्हणजे ती कड तिथून वर आली आहे. या एका गोष्टीने निम्मे कष्ट वाचतात.

दोरीचं पंक्चर फक्त नक्षीच्या भागात. बाजूला चीर असेल तर स्टेपनीच लावा.