जनरेटर सुरू, पण लाइट नाही: दापोलीतल्या रिवाइंडिंगवाल्या काकांकडे दोन खेपा

आमची हर्णैला खाणावळ आणि राहायला तीन खोल्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा आमच्या वाडीत तीन आठवडे लाइट नव्हती. फ्रीझरमधली सुरमई, हलवा, सगळं खड्डा करून पुरावं लागलं. तो वास अजून आठवतो. त्यानंतर पहिलं काम केलं ते अडीच केव्हीएचा पेट्रोल जनरेटर घ्यायचं.

यंदा मे महिन्यात शनिवारी संध्याकाळी लाइट गेली, तिन्ही खोल्या भरलेल्या. मुलाने दोरी ओढली, तिसऱ्या ओढीला इंजिन सुरू. आवाज नेहमीसारखाच, पण बल्ब काही पेटेना. पंखा लावला, ढिम्म. त्या रात्री पाहुण्यांना मेणबत्त्यांत जेवायला वाढलं आणि बर्फाच्या दोन लाद्या आणून फ्रीझरमध्ये टाकल्या.

सोमवारी जवळच्याच एका वर्कशॉपात नेला. नाव लिहीत नाही. त्यांनी सॉकेटला टेस्टर लावला, मान हलवली आणि म्हणाले, "वाइंडिंग (आतले तांब्याच्या तारेचे वेढे) जळलंय, साडेसात हजार." एक स्क्रूसुद्धा न उघडता! मी म्हटलं विचार करून सांगते, आणि जनरेटर परत छोटा हत्तीत चढवला.

माझ्या जाऊबाईंच्या माहेरी पिठाची गिरण आहे. त्यांची मोटर गेली वीस वर्षं दापोलीतले हे काका बघतात. दुकान म्हणजे दहा बाय बाराचा गाळा, दारातच जळक्या मोटरींचा ढीग, भिंतीवर तांब्याच्या तारेची रिळं. बसायला जागा नाही. काकांनी मला बघून पहिलं काय विचारलं असेल तर, "वहिनी, शेवटचा कधी चालवला होता?" मी म्हटलं, गणपतीत. "म्हणजे आठ महिने बसून." मग जनरेटरच्या जाळीला नाक लावून वास घेतला. "जळलेल्या वार्निशचा वास लपत नाही. इथे काही जळलेलं नाही."

आता खरं काम सांगते, कारण मी पूर्ण वेळ उभी राहून बघितलं आणि त्यांनीही हाकललं नाही. प्रत्येक वेळी मीटर माझ्याकडे वळवून आकडा दाखवत होते.

आधी एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) आणि सॉकेटच्या मागच्या वायरी. तिथे सगळं घट्ट. मग इंजिन सुरू करून थेट अल्टरनेटरच्या (वीज तयार करणाऱ्या भागाच्या) टोकांवर मीटर लावला: ३.२ व्होल्ट. मला वाटलं संपलंच. काका मात्र खूश. म्हणाले, रोटरच्या, म्हणजे आत फिरणाऱ्या भागाच्या, लोखंडात थोडं चुंबक उरलेलं असतं, त्यावरच जनरेटर उभा राहतो. तीन व्होल्ट येतायत म्हणजे ते चुंबक शाबूत आहे. एकदम शून्य असतं तर बारा व्होल्टच्या बॅटरीचा क्षणभर झटका देऊन चुंबक जागं करावं लागलं असतं. फार दिवस पडून राहिलं किंवा लोड चालू असताना इंजिन बंद केलं की ते उतरतं. हे सांगताना माझ्याकडे रोखून बघितलं. आम्ही फ्रीझर लावलेला असतानाच इंजिन बंद करतो, हे त्यांना कसं कळलं देव जाणे.

आमच्या मशीनमध्ये कार्बन ब्रश नाहीत. त्या तीन व्होल्टांचे दोनशेतीस करायचं काम कंडेन्सर (वीज साठवणारा छोटा डबा) आणि रोटरवरचा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा तुकडा) मिळून करतात. डायोड बघायचा तर मागचं झाकण आणि बेअरिंगपर्यंत जावं लागतं, कंडेन्सर दोन स्क्रूंवर. "दोन स्क्रूवालं आधी," म्हणाले. इंजिन बंद करून आधी कंडेन्सरच्या टोकांना बल्बच्या वायरी टेकवून त्यातला करंट उतरवला. तो साठून राहतो, घरी कोणी हात घालू नका. वर २० एमएफडी छापलेलं, म्हणजे मायक्रोफॅरड, कंडेन्सरची ताकद. मीटरवर ०.८! बाजूने थोडा फुगलाही होता. खारी हवा आणि इंजिनची धग, दोन्ही त्याच्या वाट्याला.

नवा बसवण्याआधी वाइंडिंग तपासलं. मेन वाइंडिंग १.१ ओहम, कंडेन्सरला जोडलेलं २.९, दोन्ही शाबूत, आणि मेगर (करंट गळतोय का ते बघायचं मीटर) लावून बॉडीला करंट उतरत नाही हेही बघून घेतलं. साडेसात हजारांचं जळकं वाइंडिंग ते हेच.

नवा कंडेन्सर लावला आणि बल्ब पेटला. मी पैसे काढायला पर्स उघडली तर काका म्हणाले, थांबा. बल्ब पिवळट होता. मीटरवर १८६ व्होल्ट, ४६ हर्ट्झ (सेकंदाला विजेची आवर्तनं). हा दुसरा रोग. आपल्या या छोट्या मशीनला मिनिटाला ३००० फेरे झाले तर ५० हर्ट्झ मिळतात, ४६ म्हणजे २७६० फेरे. इंजिन मंद चाललंय, आणि कंडेन्सरवाल्या मशीनमध्ये फेरे उतरले की व्होल्टेज त्याहून जास्त आपटतं. अशा १८६ वर फ्रीझर लावला असता तर कॉम्प्रेसर नुसता घुंघुं करत तापला असता. कंडेन्सर बदलून तिथेच पैसे घेतले असते तरी मला पत्ता लागला नसता.

इंजिनचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरच्या दांडीवर गंज आणि तेलकट धूळ घट्ट बसली होती. ती रॉकेलने धुतली, स्प्रिंगचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत आणला. लोडशिवाय २३६ व्होल्ट, ५१.८ हर्ट्झ. मग पाचशे-पाचशेचे दोन हॅलोजन लावले: २१९ आणि ४९.९. लोड आल्यावर थोडं उतरतंच, म्हणून रिकामं असताना पन्नासच्या थोडं वर ठेवायचं.

बिल: कंडेन्सर १८०, मजुरी ३००. एकूण ४८० रुपये. जुना कंडेन्सर मागायच्या आधीच वर्तमानपत्रात गुंडाळून हातात दिला.

मग मशीन उचलायला गेलो तर म्हणाले, "घरात कशी जोडता?" मुलाने भोळेपणाने सांगितलं, दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून घेतलीय, एक जनरेटरमध्ये, एक भिंतीतल्या सॉकेटमध्ये. काकांचा चेहरा बदलला. मेन स्विच उतरवायचा विसरलात तर करंट उलटा खांबावर जातो, वर चढलेला वायरमन मरतो. चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी खांबाला नाहीतर जनरेटरलाच जोडणारा) बसवून घेत असाल तरच मशीन न्या, नाहीतर इथेच राहू दे. चारचौघांत इतकं ऐकून घ्यायला मला आवडलं नाही, खोटं कशाला बोलू. पण ती वायर त्याच संध्याकाळी कापली, आणि वायरमन आमच्याच वाडीतला आहे हे कापताना आठवलं.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत. दुपारी एक ते चार शटर खाली, फलक नाही, काही नाही. पहिल्या खेपेला ऊन डोक्यावर घेऊन तासभर उभी होते. पावती छापील नाही, सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहून देतात. आणि यूपीआय आहे, पण कोड पुतण्याच्या मोबाइलमध्ये, पुतण्या खेडला. दुसरी खेप मला फक्त पैसे द्यायला घालावी लागली.

त्या खेपेला शिकवलं तेवढं पाळतेय. सुरू केल्यावर दोन मिनिटं रिकामं चालू द्यायचं. आधी फ्रीझर, कारण सुरू होताना तो कितीतरी पट करंट ओढतो, मग दिवे. बंद करताना आधी सगळे प्लग काढायचे, मग इंजिन. महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं बल्ब लावून चालवायचं. आणि पडवीत नाही, बाहेर उघड्यावर. धुरातला वायू वासाशिवाय माणूस मारतो.

जूनच्या पहिल्या पावसात रात्री आठला लाइट गेली. तव्यावर बांगडे होते. पाच मिनिटांत फ्रीझर सुरू, मीटरवर २२४. हो, मीटर घेतला मी, साडेतीनशेचा.

पाचपैकी साडेचार. अर्धा तो दुपारच्या उन्हाचा कापलाय. गुरुवारी बंद असतं. जनरेटर नेणार असाल तर टाकीतलं पेट्रोल काढून न्या, नाहीतर आधी त्यावरूनच ओरडा खाल.