आडव्या बँडसॉवरील हिरवी लेझर रेषा: धुऱ्यावरच्या सागासाठी उपयोगी जोड

चाकांवरच्या आडव्या बँडसॉला (पट्टीसारख्या दातेरी ब्लेडने ओंडके चिरणाऱ्या यंत्राला) लेझर मार्गदर्शक बसवून घ्यावा का, असे आमच्या भागातील आरागिरणीवाले आणि सुतार आता विचारू लागले आहेत. सिंदेवाही तालुक्यातील आमच्या परवानाधारक आरागिरणीत पेट्रोल इंजिनाच्या यंत्रावर हिरव्या रेषेचा लेझर हंगामभर वापरून पाहिला. त्यावरून माझे मत असे झाले आहे की वाकडे, निमुळते आणि महाग लाकूड चिरणाऱ्याचा हा खर्च वसूल होतो. सरळ निलगिरीच्या पट्ट्या काढणाऱ्याला मात्र त्याची गरज नाही.

या यंत्रात ओंडका जागेवर स्थिर राहतो आणि इंजिनासह ब्लेडचा डोलारा रुळांवरून पुढे सरकतो. कापाची सुरुवात डोळ्यांसमोर असते, परंतु दहा फुटांवरच्या दुसऱ्या टोकाला ब्लेड कोठून बाहेर पडेल, हे मिस्त्रीला अंदाजानेच ठरवावे लागते. बल्लारपूरच्या डेपोतील प्रतवारी केलेल्या सागवानाच्या बाबतीत, ज्यातून २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी लाकूड गेले, हा अंदाज फारसा चुकत नाही. शेतकऱ्याच्या धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा, साग मात्र बुडाशी जाड, शेंड्याकडे निमुळता आणि मध्येच वाकलेला असतो. पहिला काप चुकीच्या बाजूने घेतला, तर पक्क्या तपकिरी गाभ्याचा भाग सालीच्या फाकेबरोबर जळणात जातो, आणि वाळवीला लवकर बळी पडणारे बाहेरचे पांढरे लाकूड फळीत राहते.

लेझर ब्लेडच्याच उंचीवर डोलाऱ्याला बसवलेला असल्यामुळे, सुताराने दोरी मारून काढावी तशी रेषा ओंडक्याच्या बाजूवर काप घेण्याआधीच दिसते. आमचे मिस्त्री आता क्लॅम्प आवळण्यापूर्वी ओंडका फिरवून पाहतात, निमुळत्या टोकाखाली पाचर सरकवतात, आणि दोन्ही टोकांना गाभ्यापासून रेषेचे अंतर सारखे झाले की मगच इंजिन सुरू करतात. रेषा क्लॅम्पच्या पोलादी दातावर पडत असेल तर तेही आधीच लक्षात येते. ब्लेड एकदा पोलादाला लागले की त्याचे दात गेलेच म्हणून समजावे. माझ्या दृष्टीने या जोडणीचा खरा उपयोग एवढ्या दोन गोष्टींसाठी आहे. चौरस झालेल्या ठोकळ्यातून एकसारख्या फळ्या काढताना उंचीची मोजपट्टीच पुरते, आणि तेव्हा आम्ही लेझर बंदच ठेवतो.

खरेदी करताना रंगाचा विचार अवश्य करावा. माणसाच्या डोळ्याची संवेदनक्षमता ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाच्या आसपास सर्वाधिक असते. त्यामुळे समान शक्तीचा ५२० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशापेक्षा सुमारे सहा-सात पट अधिक तेजस्वी भासतो. सागाच्या करड्या सालीवर लाल रेषा जवळजवळ हरवते, हिरवी टिकते. तरीही एप्रिलच्या दुपारी उघड्यावर हिरवीही दिसत नाही, म्हणून यंत्रावर टिनाचे छप्पर असणाऱ्यांनीच हा खर्च करावा. हिरव्यांमध्येही ५३२ नॅनोमीटरचे स्वस्त मॉड्यूल (लेझरचा तयार भाग) तापमान बदलले की मंदावते, तर ५२० नॅनोमीटरचा थेट डायोड आपल्याकडचा उन्हाळा त्या मानाने बरा सोसतो.

जोडणीबाबत विक्रेत्याने दिलेली माहिती अपुरी होती. मॉड्यूल ५ व्होल्टचे आणि इंजिनाची बॅटरी १२ व्होल्टची, शिवाय चार्जिंग चालू असताना ती १४ व्होल्टच्याही वर जाते. मध्ये व्होल्टेज कमी करणारा कन्व्हर्टर घातल्याशिवाय तारा जोडू नयेत. सोबत आलेला चुंबकाचा स्टँड इंजिनाच्या थरथरीने सरकत होता, आणि माझी सर्वांत मोठी तक्रार त्याच्याबद्दलच आहे. लेझरचा कल एक अंशाने बिघडला, तर दहा फुटांवर रेषा दोन इंचांहून अधिक वर किंवा खाली जाते. अशा रेषेवर विसंबण्यापेक्षा ती नसलेली बरी.

काही जण लेझर उंचावर बसवून तिरका खाली रोखतात. तसे केल्यास रेषा एका ठरावीक अंतरावरच खरी असते आणि ओंडक्याची जाडी बदलली की खोटी ठरते. लेझरचा प्रकाश ब्लेडच्याच पातळीत, रुळांना समांतर पसरला पाहिजे. तपासण्याची रीत सोपी आहे. सुबाभळीचा एखादा स्वस्त ओंडका चिरावा, वरची फाक बाजूला काढावी, ब्लेड पूर्ण थांबवून डोलारा त्याच उंचीवर मागे आणावा आणि लेझर लावावा. नुकत्याच झालेल्या कापाच्या कोरेवर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हिरवी रेषा बसली पाहिजे. ती शेवटी सूतभर जरी खाली उतरली, तरी स्क्रू सैल करून पुन्हा जुळवणी करावी. आम्ही ही तपासणी दर वेळी ब्लेड बदलल्यावर करतो.

बोथट किंवा सैल ब्लेड गाठीपाशी लाटेसारखे वरखाली होते, तेव्हा रेषा सरळ असूनही फळी वाकडी निघते. तो दोष लेझरचा नव्हे. तसेच धुऱ्यावरच्या झाडात रुतलेली कुंपणाची तार आणि खिळे लेझरला दिसत नाहीत, त्यासाठी मेटल डिटेक्टर फिरवावाच लागतो. सागाचा बारीक भुसा भिंगावर बसून रेषा जाड होते, म्हणून मऊ सुती कापड जवळ ठेवावे.

सुरक्षिततेकडे विक्रेते दुर्लक्ष करतात, याचे मला वाईट वाटते. आमचे मॉड्यूल ५ मिलिवॅटचे आहे आणि त्याचा प्रकाश सरळ डोळ्यांत जाऊ देणे धोक्याचे आहे. रुळांच्या शेवटी आम्ही काळ्या रंगाची फळी उभी केली आहे, जेणेकरून ओंडका नसताना प्रकाश आवाराबाहेर जाणार नाही. लाकूड घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर लहान मुलेही असतात, आणि बसलेल्या मुलाचे डोळे नेमके ब्लेडच्या उंचीवर येतात.

मॉड्यूल, कन्व्हर्टर, स्विच आणि तारा मिळून खर्च ३,००० रुपयांच्या आत बसला. चुंबकाच्या स्टँडऐवजी तालुक्याच्या फॅब्रिकेटरकडून ६ मिलिमीटर जाडीच्या प्लेटचा ब्रॅकेट करून घेतला; त्याला उंचीसाठी लांबट खाच, कल बदलण्यासाठी दोन स्क्रू आणि थरथर शोषण्यासाठी खाली रबराचा तुकडा आहे. इंटरनेटवरून मागवलेल्या तयार संचापेक्षा हा ब्रॅकेट आधी करून घ्यावा, आणि मॉड्यूल त्याच्या मापाने निवडावे.