केरळात काय नेसावं: पँट, वेल्क्रोवाला की साधा मुंडू?

केरळात चारचौघांसारखं दिसायचं तर मुंडूच, म्हणजे तिथलं लुंगीसारखं गुंडाळायचं धोतर, नेसायला हवा असं काही नाही. कोचीच्या मेट्रोत तरुण पोरं सर्रास पँटीतच असतात. सुती पँट, बाहेर सोडलेला अर्ध्या बाहीचा शर्ट आणि पायात चपला, एवढ्यावर कुणी वळूनही बघत नाही. सहा खिशांची हाफ पँट आणि ट्रेकिंगचे बूट घातलेत, तर मात्र रिक्षावाला लांबूनच ‘हाउसबोट?’ म्हणून हाक मारतो.

अडतं ते देवळापाशी. तिरुवनंतपुरमचं पद्मनाभस्वामी मंदिर असो की गुरुवायूर, पुरुषांनी मुंडू नेसायचा आणि शर्ट काढायचा. मुंडू दाराशीही मिळतो, पण रांगेच्या तोंडावर घाईत गुंडाळलेला मुंडू लगेच ओळखू येतो. (बायकोने साड्या नेऊन स्वतःपुरता प्रश्न मिटवला होता.) घ्यायचाच आहे, तर नीट बघून घ्यावा आणि इतर वेळीही नेसावा, असं मी ठरवलं. दोन खेपांना दोन प्रकार वापरून झाले.

पहिल्या खेपेला वेल्क्रोवाला घेतला. आपल्यासारख्याला तो पटणारच. आमच्या घरात धोतर नेसता येणारे आजोबा शेवटचे, आणि त्यांच्या धोतराला निदान काष्टा तरी होता. मुंडू नुसता कमरेला गुंडाळून खोचायचा, म्हणजे सगळा भरवसा एका खोचणीवर. वेल्क्रोवाल्यात ती धास्ती नाही, शिवाय मोबाइलला खिसा. बस, बाजार, होडी, सगळीकडे तो निमूट चालला. शर्ट वरून असतो, कमरेला काय आहे ते कुणाला दिसतंय?

पद्मनाभस्वामीच्या रांगेत शर्ट काढला आणि दिसलं. पोटावर बेंबीच्या खाली पांढरी जाड पट्टी, तिची एक कड उचकटलेली, आणि शेजारी मोबाइल बाहेर ठेवून आल्यामुळे लोंबणारा रिकामा खिसा. पुढेमागे सगळ्यांच्या कमरेला साधी खोचणी. त्यात घामाने पट्टी सैल वाटली म्हणून मी ती काढून पुन्हा लावली, तर त्या दगडी शांततेत असा चर्रकन आवाज झाला की पुढच्या लहान मुलाने मागे वळून थेट माझ्या पोटाकडे पाहिलं. कुणी काही बोललं नाही. पण ज्या एका ठिकाणासाठी मुंडू घेतला, नेमका तिथेच तो उघडा पडला. याला वस्तूचा दोष म्हणावं की माझ्या पोटाचा, ते तुम्ही ठरवा.

दुसऱ्या खेपेला साधा घेतला, डबल, म्हणजे 4 मीटरच्या आसपासचा. 2 मीटरचा सिंगल उन्हात पारदर्शक होतो, त्या वाटेला जाऊ नये. पहिले दोन दिवस हाल झाले हे कबूल करतो. एर्नाकुलमच्या जेट्टीवर होडीत चढताना तो माझ्याच पायाखाली आला आणि एका हाताने मुंडू, एका हाताने कठडा धरून मी चढलो. नव्या कापडाची खळ निघेपर्यंत खोचणी सुटतच राहते. एकदोनदा धुतल्यावर कापड अंगाला धरतं. आत खिशाची बर्म्युडा घातली की पैशांचंही भागतं.

बाकी शिकायचं ते नेसणं नाही, दुमडणं. चालताना मुंडू गुडघ्यापर्यंत वर खोचतात, आणि कुणी वडीलधारं समोर आलं की खाली सोडतात. आम्ही उतरलो होतो त्या घरचे आजोबा व्हरांड्यात आले, की यजमानांचा हात बोलता बोलता कमरेकडे जायचा. तिसऱ्या दिवशी माझाही गेला. टोक कुठे खोचता तेही बघतात. साधारणपणे हिंदू उजवीकडे आणि मुसलमान डावीकडे खोचतात. मी डावखुरा असल्यामुळे दुकानदाराने मला तिथेच दोनदा सोडायला लावलं. आणि डाग दिसू नयेत म्हणून काळा घेऊ नका. नोव्हेंबर ते जानेवारीत काळा मुंडू म्हणजे शबरीमलाचं व्रत धरलेला भक्त. आमच्या एका मित्राला चहावाल्यापासून कंडक्टरपर्यंत सगळे ‘स्वामी’ म्हणत होते आणि त्याला चारचौघांत सिगारेट ओढायची चोरी झाली.

दोनच दिवसांचा प्रवास असेल, लहान मूल कडेवर असेल, तर वेल्क्रोवाला घ्या, मी हसणार नाही. चार दिवस हाताशी असतील तर माझ्या मते साधाच बरा. काठ बारीक घ्या; रुंद जरीचा कसवू ओणमला किंवा लग्नात शोभतो, एरवी तो नेसून बसमध्ये चढलात तर नवरदेव दिसाल.

वेल्क्रोवाला अजून घरात आहे. गणपतीत आरतीला मुलगा नेसतो. त्याला शर्ट काढावा लागत नाही.