गणिताची पेटी: साहित्य चांगलं, पण पेटी एक आणि पोरं चोवीस

पहिली ते तिसरीसाठी मिळणारी गणित-साहित्याची पेटी साधारण एकाच घडणीची असते: शंभर मण्यांची माळ, दशकाच्या दांड्या आणि सुटे ठोकळे, संख्याकार्डे, खेळातल्या नोटा, अपूर्णांकाच्या पट्ट्या. निवड योग्य आहे. पण एक पेटी म्हणजे गुरुजींनी समोर धरून दाखवायचं साहित्य. पुढच्या बाकावरच्या चार जणांना कळतं, मागच्यांना नुसती माळ दिसते.

माळ सगळ्यांत उपयोगी. दहा-दहा मणी आलटूनपालटून दोन रंगांचे हवेत, मगच 46 + 8 करताना पोरं 46 वर कपड्याचा चिमटा लावतात, चार मण्यांनी 50 गाठतात आणि उरलेले चार मोजून 54 वर येतात. सगळे मणी एकाच रंगाचे असतील तर पुन्हा एकपासून मोजणं सुरू. दोरी नायलॉनची घ्या आणि तळहाताएवढी मोकळी ठेवा. मणी सरकलेच नाहीत तर माळेचा उपयोग काय? दोघांत एक, म्हणजे चोवीस मुलांना बारा माळा.

दशकाची दांडी इथली सर्वांत कच्ची वस्तू. 52 − 27 मध्ये दोनातून सात जात नाहीत, दशक सुटं करावं लागतं, पण प्लॅस्टिकची दांडी काही सुटी होत नाही. बदलून दहा ठोकळे दिले तरी दशकातूनच ते दहा निघाले, हे नवशिक्या मुलाला पटत नाही. तिथं काड्यांचा गठ्ठा सरस: रबर काढलं की दहा सुट्या. चौघांच्या गटाला दहा गठ्ठे आणि वीस सुट्या, सहा गटांना 720 काड्या. आइस्क्रीमच्या काड्या घ्या, नाहीतर तुराट्या बोटभर कापून टोकं घासून घ्या, कुसळ बोटात जातं. रबरं साठ लागतात. शंभर आणा, तुटतात.

संख्याकार्डे मात्र उत्तम. 60 च्या कार्डातल्या शून्यावर 3 चं कार्ड चढवलं की 63 दिसतं. ‘त्रेसष्ट’ ऐकून 36 लिहिणाऱ्या मुलाला याचा फार आधार होतो.

नोटांचा खरा उपयोग दोन वर्ग एकत्र बसतात तिथं. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानं साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोनच शिक्षक, त्यामुळे पहिलीला शिकवताना दुसरीला गुंतवावंच लागतं. दोन फासे टाकायचे, तेवढे रुपये घ्यायचे, दहा झाले की दहाची नोट, आधी शंभर करील तो जिंकला. एका गटाला एकच्या पन्नास आणि दहाच्या चाळीस नोटा पुरतात. कागद पातळ असतो; जाड पुठ्ठ्यावर चिकटवून कापा.

अपूर्णांकाच्या पट्ट्यांवर आकडे छापलेले असतात, पोरं लांबी न बघता आकडा वाचून मोकळी होतात. सुरुवातीला उलट्या बाजूनं वापरा.

आणखी एक. पेटीची नोंद डेडस्टॉकला, म्हणजे कायम टिकणाऱ्या वस्तूंच्या नोंदवहीत होते, मग हरवण्याच्या धास्तीनं ती कपाटातच राहते. मणी-काड्या झिजणार, हरवणार. त्यांची नोंद खपाऊ साहित्यात घ्या, प्रत्येक गटाला वेगळी पिशवी द्या, तिच्यावर मोजणी लिहा आणि तास संपताना पोरांकडूनच मोजून घ्या.